अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि जंतूंशी त्याचा सामना

मूल नऊ महिने नऊ दिवस पोटात राहावे, ही आपल्याकडील जुनी अपेक्षा वैद्यकशास्त्राच्या हिशेबाशी चांगलीच जुळते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले असता पूर्ण दिवसांचे गर्भारपण सुमारे ४० आठवड्यांचे भरते. ३७ आठवडे पुरे होण्याच्या आत जे बालक जन्मास येते, ते अपुऱ्या दिवसांचे बालक होय. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बालके जन्मली आणि त्यांपैकी सुमारे ३० लाख एकट्या भारतात जन्मली. अन्य कोणत्याही देशात ही संख्या एवढी मोठी नव्हती.

अशा बालकाचा विषय निघाला की डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती रुग्णालयातील काचेची पेटी, नाकातली नळी आणि काट्यावर भरलेले हजार-बाराशे ग्रॅम वजन. घरच्या मंडळींची सारी चिंता श्वास आणि वजन यांभोवती फिरत असते. ती अनाठायी नाही. परंतु श्वास सुरळीत चालू लागल्यावर आणि वजनाचा काटा थोडा पुढे सरकल्यावरही या बालकांना जो शत्रू गाठतो, तो डोळ्यांना दिसत नाही. पूर्ण दिवसांच्या बालकाच्या अंगावर ज्या जंतूमुळे साधी पुळीही उठणार नाही, तोच जंतू अपुऱ्या दिवसांच्या बालकाच्या रक्तात शिरून एका दिवसात त्याचा घास घेऊ शकतो. असे का व्हावे, आणि त्याविरुद्ध आपल्या हाती काय आहे, हे समजून घेणे केवळ डॉक्टरांचे काम नव्हे. ज्या हातांत हे बालक सोपवले जाते, त्या प्रत्येक हाताशी या प्रश्नाचा संबंध आहे.

एक समजूत मात्र आरंभीच बाजूस सारावी लागेल. सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, असे आपल्या खेड्यापाड्यांत आणि शहरांतही आजवर बोलले जाते. ही कल्पना केवळ आपली नाही. प्राचीन ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतही ती आढळते. तिला आधार काहीही नाही. गर्भाशयात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बालकाच्या बाजूचा असतो, आणि हे प्रतिकारशक्तीच्या बाबतीत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

आईने बांधून दिलेली शिदोरी

गर्भाशयात वाढणाऱ्या मुलाला जंतूंशी झगडण्याचे सहसा कारण पडत नाही. त्यामुळे स्वतःची प्रतिपिंडे, म्हणजे विशिष्ट जंतूस ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने, ते फारशी तयार करीत नाही. ही उणीव माता भरून काढते. तिने आयुष्यभर निरनिराळ्या रोगजंतूंशी ज्या झुंजी दिलेल्या असतात आणि ज्या लसी घेतलेल्या असतात, त्यांची आठवण तिच्या रक्तात प्रतिपिंडांच्या रूपाने साठलेली असते. त्यांपैकी आयजीजी या जातीची प्रतिपिंडे वारेतून गर्भाकडे जातात. ती आपोआप झिरपत नाहीत. वारेतील पेशींवर त्यांना ओळखून पलीकडे पोहोचवणारी खास व्यवस्था असते. अन्य जातींच्या प्रतिपिंडांना ही वाट खुली नसते.

ही ने-आण गर्भारपणाच्या तेराव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, तथापि तिचा मोठा भाग शेवटच्या तीन महिन्यांत पार पडतो. २८ ते ३२ आठवड्यांच्या सुमारास गर्भाच्या रक्तातील या प्रतिपिंडांची पातळी मातेच्या पातळीच्या निम्म्याच्या आसपास असते. दिवस पुरे भरेतो ती मातेच्या बरोबरीची, किंबहुना तिच्याहून काहीशी अधिक होते. गर्भवतीला धनुर्वाताची लस का देतात, याचे उत्तर याच व्यवस्थेत आहे. लस आईच्या दंडात टोचली जाते आणि तिच्यामुळे तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून बालकाकडे जातात. २०१५ साली माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले, त्यामागे स्वच्छ प्रसूतीबरोबर या लसीचाही मोठा वाटा होता.

आता सातव्या महिन्यात जन्मलेल्या मुलाची स्थिती पाहावी. प्रवासाला निघायचे ते निघाले, पण शिदोरी अर्धीच बांधून झाली होती. जी थोडी प्रतिपिंडे मिळाली, तीही पुढील आठवड्यांत झिजत जातात आणि नवी तयार होण्यास वेळ लागतो.

तटबंदीतील खिंडारे

प्रतिपिंडे हा बचावाचा एक भाग झाला. त्याही आधी जंतूला ओलांडावी लागते ती त्वचा. पूर्ण दिवसांच्या बालकाच्या अंगावर जन्मतः जो पांढरा चिकट लेप असतो, त्याकडे मळ म्हणून पाहण्याची आणि तो चोळून काढण्याची आपल्याकडे घाई असते. वस्तुतः त्या लेपात जंतुनाशक प्रथिने असतात व तो त्वचेचे रक्षण करतो. फार लवकर जन्मलेल्या बालकाच्या अंगावर हा लेप पुरता बसलेलाच नसतो. त्याच्या त्वचेचा सर्वांत वरचा, कोरडा व कठीण थरही अत्यंत पातळ असतो. त्यातून पाणी बाहेर जाते, शरीर थंड पडते आणि बाहेरील जंतूंना आत शिरण्यास वाट मिळते. जन्मानंतर दोन ते चार आठवड्यांत ही त्वचा बरीच तयार होते, पण धोक्याचे दिवस नेमके तेच असतात. त्यात चिकटपट्टी ओढून काढताना त्वचेचा पापुद्रा निघतो आणि सलाईनची सुई तर सरळ रक्ताचाच दरवाजा उघडते. जी साधने बालकाला जगवतात तीच जंतूंना रस्ता दाखवतात, ही या उपचारांतील मोठी अडचण आहे. आतड्याच्या अस्तराची कथाही फार निराळी नाही.

जंतू आत शिरल्यावर त्याच्यावर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल नावाच्या पेशी अग्रभागी असतात. मोठ्या माणसाच्या अस्थिमज्जेत त्यांचा भरपूर राखीव साठा असतो. अपुऱ्या दिवसांच्या बालकात हा साठा लहान असतो आणि जोराचा संसर्ग झाला म्हणजे तो लवकर संपुष्टात येतो. शिवाय या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून तिच्यातून बाहेर पडणे व जंतूच्या मागावर जाणे नीट साधत नाही. रक्तात पूरक प्रथिने म्हणून ओळखला जाणारा आणखी एक समूह असतो. तो जंतूवर जणू खूण करतो, म्हणजे भक्षक पेशींना तो ओळखता येतो व गिळता येतो. त्याचेही प्रमाण या बालकांत कमी असते. थोडक्यात, पहारेकरी मोजके, त्यांची पावले मंद, आणि चोर कोण हे दाखवणारेही अपुरे.

दुर्बळता की संयम?

एवढ्यावरून नवजात बालकाची प्रतिकारशक्ती म्हणजे मोठ्यांच्या प्रतिकारशक्तीची अर्धवट नक्कल, असा समज होणे स्वाभाविक आहे. पूर्वी शास्त्रज्ञांचेही बव्हंशी हेच मत होते. अलीकडील संशोधनाने या मताला मुरड घातली आहे आणि विषयातील सर्वांत मनोरंजक भाग माझ्या मते हाच आहे.

गर्भ हा मातेच्या शरीरात वाढणारा निम्मा परका जीव असतो. त्याच्या पेशींनी मातेच्या पेशींवर हल्ला चढवला तर गर्भारपण टिकणार नाही. पुढे जन्म होताच त्याच्या त्वचेवर व आतड्यांत कोट्यवधी जंतू वस्तीला येतात आणि त्यांतील बहुतेक त्याचे सोबती व्हायचे असतात. त्या प्रत्येकाविरुद्ध रणशिंग फुंकले तर बालकाचे शरीर दाहानेच होरपळून निघेल. म्हणून निसर्गाने नवजाताच्या प्रतिकारशक्तीला लगाम घातलेला असतो. जंतूची चाहूल लागताच मोठ्या माणसाच्या पेशी दाह भडकवणारी जी रसायने मुबलक सोडतात, त्यांतील काही रसायने नवजाताच्या पेशी कमी सोडतात. उलट दाह आवरणारी रसायने त्यांच्याकडून सहज सुटतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात उंदरांच्या नवजात पिलांतील काही अपक्व तांबड्या पेशीच प्रतिकारशक्तीला दाबून धरतात असे दिसून आले, आणि मानवी नाळेच्या रक्तातही तशा पेशी आढळल्या. हा लगाम म्हणजे निव्वळ दुर्बळता नव्हे. ती बेतून केलेली तडजोड आहे. पूर्ण दिवसांच्या बालकाला आईची प्रतिपिंडे, पक्की त्वचा व आईचे दूध यांची जोड असल्याने ही तडजोड परवडते. अपुऱ्या दिवसांच्या बालकाला लगाम तोच, पण पाठबळ कोणतेच नाही.

याची दुसरी बाजू अधिक काळजीची आहे. जंतूंना वेळीच आवर घातला गेला नाही आणि त्यांची संख्या रक्तात बेसुमार वाढली, की हा संयम अचानक सुटतो. उशिरा पेटलेला दाह मग जंतूंबरोबर बालकाच्याच अवयवांना भाजतो. रक्तदाब कोसळतो, फुप्फुसांना इजा होते आणि वाढत्या मेंदूतील नाजूक पांढऱ्या भागाला धक्का पोहोचतो. जंतुदोषातून वाचलेल्या काही बालकांत पुढे हालचालींचे वा आकलनाचे दोष राहतात, त्याचे एक कारण हे आहे. गर्भाशयातच पडद्यांना संसर्ग झाल्यामुळे वेळेआधी कळा सुरू होतात, अशा प्रसंगी तर बालक जन्मण्यापूर्वीच या दाहाच्या छायेत वावरलेले असते.

शक्तीचाही प्रश्न आहे. लढणाऱ्या पेशींना इंधन म्हणून साखर लागते आणि या बालकाजवळ साठा अगदी तुटपुंजा असतो. वाढ, ऊब आणि युद्ध या तिन्हींसाठी एकाच वेळी तरतूद करणे त्याला जमत नाही. अपुऱ्या दिवसांच्या डुकराच्या पिलांवर डेन्मार्कमध्ये जे प्रयोग झाले, त्यांत शिरेतून दिल्या जाणाऱ्या साखरेचे प्रमाण बदलले असता संसर्गाला मिळणारा प्रतिसादही बदलतो असे आढळले. साखर बेताची असता दाह सौम्य राहिला. मानवी बालकांत रक्तातील साखर उतरणे मेंदूला घातक असल्याने या निष्कर्षावरून आजच उपचार ठरवणे धोक्याचे ठरेल. पण प्रतिकारशक्ती आणि पोषण ही दोन स्वतंत्र प्रकरणे नाहीत, एवढे त्यातून निश्चित कळते.

जंतू येतात कोठून?

वैद्यकाच्या पुस्तकांत या संसर्गाचे दोन भाग पाडलेले असतात. पहिल्या ७२ तासांत होणारा संसर्ग प्रसूतीच्या वेळी मातेकडून आलेला आणि त्यानंतरचा संसर्ग रुग्णालयातून वा घरातून आलेला, अशी ही विभागणी आहे. पाश्चात्त्य देशांत पहिल्या प्रकारात ब गटाचे स्ट्रेप्टोकोकस आणि ई. कोलाय हे जंतू प्रामुख्याने आढळतात.

आपल्याकडील चित्र निराळे आहे. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात जन्मलेल्या व अतिदक्षता कक्षात दाखल झालेल्या १३,५३० बालकांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. दर शंभर बालकांपैकी सुमारे १४ बालकांना रक्तातील जंतुदोष झाला होता आणि अशा बालकांपैकी सुमारे एक-चतुर्थांश दगावली. आढळलेल्या जंतूंत असिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला व ई. कोलाय हे तीनच निम्म्याहून अधिक होते. ब गटाचे स्ट्रेप्टोकोकस फारच थोडे. विशेष असे की, जवळजवळ दोन-तृतीयांश संसर्ग पहिल्या ७२ तासांतच झाले होते. असिनेटोबॅक्टर व क्लेबसिएला हे रुग्णालयाच्या ओलसर कोपऱ्यांत, भांड्यांत, नळ्यांत आणि हातांवर वस्ती करणारे जंतू म्हणून ओळखले जातात. ते इतक्या लवकर बालकाच्या रक्तात सापडावेत, याचा अर्थ प्रसूतिगृहापासून अतिदक्षता कक्षापर्यंतच्या वाटेवर कोठेतरी त्यांची व बालकाची गाठ पडली असली पाहिजे.

आणखी एक गोष्ट या पाहणीने उघड केली. असिनेटोबॅक्टरचे बहुसंख्य नमुने एकाच वेळी अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे निघाले. अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या औषधांचाही त्यांच्यावर परिणाम होत नव्हता. क्लेबसिएलाच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांची हीच तऱ्हा होती. संशय आला की प्रतिजैविक सुरू करणे या बालकांत टाळता येत नाही, कारण थांबून पाहण्याइतका वेळ नसतो. परंतु रक्ताच्या चाचणीत ३६ ते ४८ तासांत जंतू वाढले नाहीत आणि बालकाची प्रकृती ठीक असली, तर औषध बंद करण्याचे धैर्यही डॉक्टरांनी दाखवले पाहिजे. विनाकारण लांबवलेल्या प्रतिजैविकांमुळे आतड्यातील उपकारक जंतू मरतात, दणकट जंतूंचे फावते आणि आतडे सडण्याचा गंभीर विकार होण्याचा संभव वाढतो.

एखाद्या रुग्णालयात नवा कृत्रिम श्वसनयंत्राचा कक्ष उघडला की समारंभ होतो. त्याच कक्षाच्या दारात कोपराने उघडता येणारा नळ, अखंड पाणी, साबण व हात पुसण्यास कोरडा स्वच्छ कागद आहे की नाही, याची चौकशी फारशी कोणी करीत नाही. किती बालकांमागे एक परिचारिका आहे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. एकाच परिचारिकेला पाच-सात अत्यवस्थ बालकांकडे धावावे लागत असेल, तर दोन बालकांच्या मध्ये हात धुण्याचा नियम भिंतीवरच राहतो.

गडचिरोलीतील प्रयोग

रुग्णालयच गाठता येत नाही अशा ठिकाणी काय करावे, या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत १९९० नंतरच्या दशकात नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा प्रयोग केला. गावातीलच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना त्यांनी प्रशिक्षण दिले. या आरोग्यदूत बाळंतिणीच्या घरी ठराविक दिवशी जात, बालकाचे वजन व तापमान घेत, श्वास मोजत, ऊब व स्तनपान यांविषयी आईला समजावत. बालकाचे रडणे क्षीण झाले, हातपाय गळून गेले, चोखणे थांबले, अंग तापले वा गार पडले, पोट फुगले, श्वास जलद झाला अशा लक्षणांपैकी काही एकाच वेळी दिसली की जंतुदोष धरून चालायचे आणि आईवडिलांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडाने घेण्याचे औषध घरीच द्यायचे, अशी पद्धत होती. रक्ताची तपासणी नाही, क्ष-किरण नाही, डॉक्टर जवळ नाही. खेड्यातील बाईच्या हाती सुई देण्यावर त्या वेळी टीकाही झाली.

१९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचे फलित प्रसिद्ध झाले. प्रयोगाच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात बालकांचे मृत्यू ६२ वरून सुमारे २५ वर आले होते. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत ते ६० च्या आसपासच राहिले होते. जंतुदोष झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा १६.६ वरून २.८ वर उतरले. या गावांतील बालकांत कमी वजनाची व अपुऱ्या दिवसांची बालके मोठ्या संख्येने होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे मोल कळते. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकाच्या घरी भेटी देण्याचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्याचे मूळ येथे आहे. रुग्णालयातील प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी द्यावयाच्या असतात. प्रसूती घरी झाली असल्यास पहिल्या दिवशी आणखी एक. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार नवजात बालकांचे मृत्यू देशात दर हजारी २० आणि महाराष्ट्रात ११ होते.

चिकाचे थेंब आणि छातीची ऊब

वारेतून जी शिदोरी अर्धी राहिली, तिची भरपाई काही अंशी दुधातून होते. पहिल्या दिवसांतील पिवळसर चीक हा प्रतिपिंडांनी गच्च भरलेला असतो. ही प्रतिपिंडे आयजीए या जातीची असतात. ती रक्तात न जाता आतड्याच्या अस्तरावर पसरून जंतूंना आत शिरू देत नाहीत. त्यांच्या जोडीला जंतूंचे लोह पळवणारे लॅक्टोफेरिन, जंतूंचे कवच विरघळवणारे लायसोझाइम आणि उपकारक जंतूंनाच पोसणाऱ्या खास शर्करा असतात. आई ज्या वातावरणात वावरते तेथील जंतू तिच्या आतड्यात पोहोचले की त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे तिच्या दुधात उतरू लागतात. म्हणूनच आईने कक्षात बालकाजवळ असणे हे केवळ मायेपोटी नव्हे, तर उपचार म्हणूनही आवश्यक आहे. असा चीक पिळून टाकून देणे आणि त्याऐवजी मध, गुळाचे पाणी किंवा घुटी चाटवणे म्हणजे हाती आलेली ढाल फेकून जंतूंना बोलावणे होय. चोखण्याची ताकद नसलेल्या बालकाला पिळून काढलेले दूध नळीने वा वाटी-चमच्याने देता येते.

मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातील ती पहिली. अन्य मातांनी दान केलेले दूध तेथे ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून जंतुरहित करतात. तापवल्याने दुधातील काही संरक्षक घटक कमी होतात, त्यामुळे स्वतःच्या आईचे दूध पहिले आणि दात्या मातेचे दुसरे, हा क्रम कायम राहतो.

कांगारू मातृसेवा ही पद्धत कोलंबियातील बोगोटा येथे १९७८-७९ मध्ये पेट्यांच्या टंचाईतून जन्मली. बालकाला आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून, तासन् तास ठेवायचे एवढेच तिचे स्वरूप. बालकाची प्रकृती स्थिर झाल्यावरच हे करावे असे पूर्वी मानत. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय धरून भारत, घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया येथील पाच रुग्णालयांत १ ते १.८ किलो वजनाच्या ३,२११ बालकांवर झालेल्या अभ्यासाने २०२१ साली हा क्रम बदलला. जन्मताच आईच्या छातीवर ठेवलेल्या बालकांपैकी पहिल्या २८ दिवसांत शेकडा १२ दगावली. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण शेकडा १५.७ होते. जंतुदोषाचा संशयही पहिल्या गटात कमी आला. आईच्या त्वचेवरील साधे जंतू आधी वस्ती करतात, दूध लवकर मिळते, अंग गार पडत नाही आणि बालकाला हात लावणारी माणसे घटतात, अशी याची कारणे सांगितली जातात. फरक स्पष्ट दिसू लागल्याने हा अभ्यास मुदतीपूर्वीच थांबवण्यात आला.

जे उपाय तोकडे पडले

प्रतिकारशक्ती कमी आहे, तर ती बाटलीतून का देऊ नये? हा विचार अनेकांनी केला. जंतुदोष झालेल्या ३,४९३ बालकांवरील आंतरराष्ट्रीय अभ्यासात शिरेतून प्रतिपिंडे देऊन पाहिली. २०११ साली निष्कर्ष निघाला की मृत्यू किंवा अपंगत्व यांत फरक पडत नाही. गाईच्या दुधातील लॅक्टोफेरिन ब्रिटनमध्ये २,२०३ बालकांवरील अभ्यासात देऊन पाहिले गेले. २०१९ साली तेथेही निराशा पदरी आली. ओडिशातील खेड्यांत उपकारक जंतू आणि त्यांचे खाद्य यांची मिसळ दिल्याने जंतुदोष व मृत्यू मिळून सुमारे ४० टक्के घटल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. परंतु ती बालके दोन किलो वा अधिक वजनाची व जवळजवळ दिवस भरलेली होती. अगदी लहान बालकांत असे जिवंत जंतूच क्वचित रक्तात शिरतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली दिला आहे. दुकानातून अशी पुडी आणून घरच्या घरी देण्याचा मोह कोणीही धरू नये.

घरी आल्यावर

अपुऱ्या दिवसांच्या बालकाला जंतुदोष झाला तर ताप येईलच असे नाही. ताप ही दाहाची खूण, आणि दाह पेटवण्याचीच शक्ती येथे कमी असते. त्यामुळे उलट अंग गार पडते. काल नीट दूध ओढणारे बाळ आज तोंड फिरवते, मलूल पडून राहते, मिनिटाला ६० वा त्याहून अधिक श्वास घेते, छाती आत ओढली जाते, पोट फुगते, झटके येतात. ‘बाळ आज काही वेगळेच वाटते’ हे आईचे शब्द आशाताईंनी व डॉक्टरांनी यंत्राच्या आकड्याइतकेच गंभीरपणे घ्यावेत. यांतील कोणतीही खूण दिसली की सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि बाळाला आईच्या छातीशी कपड्यांच्या आत धरून, डोक्याला टोपडे घालून न्यावे. वाटेत गार पडलेले बाळ रुग्णालयात पोहोचेतो अर्धी लढाई हरलेले असते. जिल्हा रुग्णालयांतून नवजात बालकांसाठी विशेष काळजी कक्ष आहेत आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयांत आजारी अर्भकावरील उपचार व ने-आण विनामूल्य आहे.

नाळेवर हळद, राख वा तेल न लावता ती कोरडी ठेवावी. पाहुण्यांनी बाळाला घेण्याचा आग्रह धरू नये, आणि सर्दी-खोकला असलेल्यांनी तर त्या खोलीतच जाऊ नये.

लसीकरणाबाबत एक गैरसमज वारंवार आढळतो. बाळ लवकर जन्मले, तेव्हा लसीही तितक्याच उशिरा द्याव्यात, असे कित्येक पालक मानतात. सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या लसींची मोजणी प्रत्यक्ष जन्मतारखेपासूनच करावयाची असते. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे या बालकांत लवकर संपतात, हे त्याचे एक कारण. आणि दुसरे असे की, त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती जन्मानंतर वेगाने शिकू लागते. स्वीडनमध्ये १०० बालकांच्या रक्तातील पेशींचा मागोवा घेण्यात आला, तेव्हा अपुऱ्या व पुऱ्या दिवसांच्या बालकांतील जन्माच्या वेळचा ठळक फरक पहिल्या तीन महिन्यांत बहुतांशी पुसला गेल्याचे २०१८ साली दिसून आले. जन्माच्या वेळी वजन फार कमी असल्यास किंवा बाळ अद्याप रुग्णालयातच असल्यास पहिल्या लसींचा दिवस कोणता, हे बालरोगतज्ज्ञांना विचारून कार्डावर लिहून घ्यावे.